एड लेव्हिन पार्क, मिलपिटास: मिनिटभराच्या उड्डाणासाठी अडीच तास बसलो

बे एरियातल्या आपल्या लोकांना मिलपिटास म्हणजे देशी किराणा आणि डोसा. पण त्याच गावाच्या मागे जी टेकड्यांची रांग दिसते ना, तिथे एड लेव्हिन काउंटी पार्क आहे आणि तिथून हँग ग्लायडर (खाली लटकून उडवायचे बिनइंजिनाचे मोठे पंख) उडतात. पॅराग्लायडरवालेही असतात, कामशेतला बघतो तसे. मला हँग २ रेटिंग नुकतंच मिळालं, म्हणजे कागदोपत्री 'नोव्हिस', आणि ग्लायडिंग शाळेच्या टेकडीवरून बाहेर पडून पहिल्यांदाच इथे गेलो.

आधी परवानगीचं सांगतो कारण यातच गोंधळ होतो. अमेरिकेत हँग ग्लायडरला सरकारी लायसन लागत नाही, एफएएच्या (तिथलं विमान उड्डाण खातं) भाग १०३ या नियमात बिनइंजिनाचं १५५ पौंडांच्या आतलं यान बसतं, बस. म्हणून काही जण समजतात की पार्क सरकारी आहे, गेलो आणि उडालो. तसं नाही. इथली उड्डाणं विंग्ज ऑफ रोगॅलो हा क्लब सांभाळतो (नाव नासाच्या फ्रान्सिस रोगॅलोंवरून, लवचिक पंखाची कल्पना त्यांची) आणि तुमच्याकडे यूएसएचपीए या तिथल्या राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व आणि रेटिंग पाहिजे. जागेचे नियम क्लबच्या साइटवरून घरीच वाचून जा, तिथे पोचून मोबाइलवर वाचत बसू नका. लाँच म्हणजे उडायच्या जागा वेगवेगळ्या उंचीवर आहेत, ३००, ६००, १७५० फूट, आणि प्रत्येकाला रेटिंगची वेगळी अट. आपण कुठे बसतो हे आधी विचारून घ्या, त्यात कसली लाज.

मी ३००वाला. ग्लायडर पंचवीसेक किलोचा, तो खांद्यावर घेऊन चढायचा. सकाळी पोहे खाऊन निघालो होतो, ते अर्ध्या वाटेतच जिरले. वाटेत गाई चरत असतात, त्यांच्यापासून लांबून जा आणि गेट जसं होतं तसं लावून घ्या.

आठला वर पोचलो तर वारा पाठीमागून. रात्रभर थंड झालेली हवा सकाळी उतारावरून खाली वाहते, म्हणजे लाँचवर मागून वारा, आणि मागून वारा असताना पळालात तर पंखाला पुरेसा हवेचा वेग मिळत नाही आणि नाकावर आपटायची पक्की सोय. खालचा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) मात्र छान समोरून दाखवत होता. म्हणून एकाच विंडसॉकवर विश्वास ठेवू नका, लाँचचा बघा, खालचा बघा, मधलं गवतही बघा. ऊन तापलं की वारा वर चढायला लागतो. आमचा साडेदहाला चढला. दुपारनंतर खाडीकडून जोर वाढतो आणि ती वेळ नवख्यांची नाही. म्हणजे आपल्याला मिळते मधली थोडकी वेळ, तेवढ्यासाठी सकाळभर बसायची तयारी ठेवा. पाणी भरपूर न्या, सावली नाही.

आता हँग चेक, म्हणजे उडण्याआधी ग्लायडरला लटकून सगळं नीट अडकलंय का ते बघणं. २०१८ चा स्वित्झर्लंडमधला व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल, पायलट प्रवाशाला अडकवायला विसरला आणि तो बिचारा हातांनी लटकून दोन मिनिटांवर राहिला, मनगट मोडलं पण वाचला. मी अडकवलं होतं. तरी तिथल्या एका जुन्या पायलटने म्हटलं, झोप पूर्ण, मी ग्लायडरचं नाक धरतो. झोपलो तर छाती जवळपास बेस बारला (हातात धरायचा आडवा दांडा) टेकतेय! हार्नेस (अंगावर घालून लटकायचे पट्टे) मित्राकडून मागून आणलेला, त्याचा स्ट्रॅप माझ्या ग्लायडरला लांब पडत होता. तसाच उडालो असतो तर बार मागे ओढायला जागाच नव्हती, आणि बार मागे ओढल्याशिवाय वेग वाढत नाही. स्ट्रॅप बदलला, पुन्हा झोपलो, कॅराबिनर (अडकवायची कडी), पायांचे पट्टे, हेल्मेटचा हुक, सगळं पुन्हा. उभं राहिल्यावर काहीही कारणाने हार्नेस सोडला तर चेक परत पहिल्यापासून. उसनं सामान असेल तर हे घरी अंगणातच करून बघा.

नियम दोन-तीन पाठच करा. डोंगराजवळ समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर तो सरळ जातो, दुसऱ्याने बाजूला व्हायचं कारण त्याच्या उजवीकडे मोकळी हवा आहे. थर्मलमध्ये (वर चढणारी गरम हवा) जो आधी फिरतोय त्याच्याच दिशेने फिरा. खालच्याला मान द्या, हँग ग्लायडरवाल्याला स्वतःच्या पंखामुळे वरचं दिसतच नाही.

मग पळालो. शेवटपर्यंत पळा, उडी मारू नका, पाय आपोआप सुटतात. उतरताना वाऱ्याबरोबर, आडवं, मग वाऱ्यासमोर असा वळसा आधीच ठरवून ठेवला होता, पण वरून एक पॅराग्लायडर त्याच मैदानात येत होता म्हणून थोडं आधी वळलो, लांबच उतरलो, फ्लेअर (टेकताना बार पुढे ढकलून वेग मारणं) उशिरा झाला आणि बेस बारच्या चाकांवर पोटाने घसरत गेलो. चाकं काढू नका, कितीही हसले तरी.

उतरल्यावर ग्लायडर उचलून मैदानाच्या कडेला न्या, तिथेच उभं राहून फोटो काढू नका, मागून कोणीतरी येतच असतो. मी काढत होतो. ओरडा बसला. मग दुसऱ्या फेरीसाठी वर बघितलं तर विंडसॉक आडवा ताठ, म्हणजे वारा जोराचा, सामान गुंडाळलं आणि डोसा खायला गेलो.