एक पॉइंट आठ

जुलैतला मंगळवार. सकाळपासून असा कोसळत होता की वीसजणांच्या बॅचमधली अकराच मुलं आली. हार्बर मधेच बंद, मधेच चालू. प्रत्येकाच्या मोबाइलवर कुलाब्याच्या डॉप्लर रडारचं चित्र उघडलेलं, कॉलेज कधी सोडतील याचा अंदाज बांधायला. मग मीही त्यावरच दहा मिनिटं बोलले. रडारमधून निघालेली एस बँडची रेडिओ लहर पावसाच्या थेंबांवर आपटते, तिचा जो किंचितसा भाग परत येतो त्यावरून हे लाल-पिवळे डाग काढले जातात. ‘परत आलेल्या लहरीवर विश्वास ठेवा, पुढे काय आहे ते ती बरोबर सांगते,’ हे वाक्यही ऐटीत टाकलं.

आमच्या मायक्रोवेव्ह लॅबमध्ये अजून क्लायस्ट्रॉनची, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या जुन्या ट्यूबची, बेंच आहेत. क्लायस्ट्रॉनचा शोध १९३७ सालचा. बाहेर आता मोजण्याचं सगळं काम नेटवर्क अ‍ॅनालायझरवर चालतं. त्याची किंमत सांगितली की आमचं व्यवस्थापन चहा मागवतं आणि विषय बदलतं. पण खरं सांगायचं तर मला हे जुनंच बेंच आवडतं. स्लॉटेड लाइनवरचा, म्हणजे लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीच्या खाचेतला प्रोब हाताने सरकवायचा आणि मीटरचा काटा चढता-उतरताना पाहायचा. न दिसणाऱ्या लहरीचे उंचवटे आणि खड्डे बोटांना कळतात. आमचं बेंच ९.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास लावलेलं असतं. मुंबई बंदरातल्या जहाजांची रडारंही साधारण इथेच चालतात. हवेत या लहरीची लांबी ३.२ सेंटिमीटर. म्हणजे नळीच्या टोकाला शॉर्ट, म्हणजे सगळी लहर परत फिरवणारं धातूचं झाकण, लावला की दर अर्ध्या लांबीला, १.६ सेंटिमीटरला, एक खड्डा यायला हवा, असं मुलं हिशोब करून सांगतात. मोजायला गेलं की येतो २.२ ला. कारण नळीच्या आत लहर लांबते, जवळजवळ साडेचार सेंटिमीटरची होते. फळ्यावर हे सूत्र शंभरदा लिहिलं तरी कुणाची भुवई हलत नाही. मोजपट्टीवर दिसलं की हलते.

त्या दिवशीचा प्रयोग व्हीएसडब्ल्यूआरचा, म्हणजे उंचवटा खड्ड्याच्या किती पट आहे ते मोजायचा. शॉर्ट झाल्यावर मॅच्ड लोड लावायचा. लोड म्हणजे नळीचाच एक बंद तुकडा, आत लहर गिळून टाकणारी पाचर. काहीच परत येत नाही, काटा जागचा हलत नाही, उत्तर एकच्या जवळपास. पाच मिनिटांचं काम.

एरवी वर्गात तोंड न उघडणारी, बदलापूरहून त्या पावसात आलेली एक मुलगी माझ्या टेबलाशी आली.

“मॅडम, मॅच्ड लोडला एक पॉइंट आठ येतंय.”

“प्रोब नीट ट्यून केलास का? परत घे.”

परत आली. “एक पॉइंट आठच.”

मागून तिचा पार्टनर कुजबुजला, “अगं, एक पॉइंट बारा लिही ना. गाडी जाईल.”

तो काय म्हणाला ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. उलट तिलाच म्हणाले, “मॅच्ड लोडला इतकं येऊच शकत नाही. असं जर्नलमध्ये लिहून आणलंस तर सही मिळणार नाही.”

ती गेली नाही. “मग तुम्हीच एकदा घेता का रीडिंग?”

उठले. जरा फणकाऱ्यानेच. मीटर झीरो केला, रिपेलर व्होल्टेज सारखं केलं, प्रोब सरकवला. काटा डोलत होता. एक पॉइंट आठ. म्हणजे पाठवलेल्या शक्तीतली आठ टक्के परत येत होती. डिटेक्टर बदलला, तेच. शेवटी तीच म्हणाली, दुसऱ्या बेंचचा लोड लावून बघू या का? लावला. काटा गप्प बसला.

लॅबमधल्या काकांनी पहिला लोड खिडकीशी नेऊन आत मोबाइलचा टॉर्च मारला. काळ्या पाचरीचं टोक दिसायला हवं तिथे मातकट भिंत. मे महिन्यात लॅबला रंग काढला तेव्हा बेंच सुटी करून व्हरांड्यात ठेवली होती. नळीचं तोंड जेमतेम तेवीस बाय दहा मिलिमीटर, कुंभारमाशीला हवं तेवढंच. आत तिने मातीचं घर बांधलं, पिल्लासाठी कोळी कोंबून ठेवले आणि निघून गेली. बेंच जोडताना आत कुणी डोकावलं नाही. मीही नाही.

“बिनभाड्याची खोली, मॅडम. मुंबईत!” काका म्हणाले. अकराही मुलं हसली. सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन करून घ्या, असा आग्रह आमच्याकडे दरवर्षी होतो. करावंच, पण त्यात कुंभारमाशी येत नाही.

हसणं ओसरल्यावर माझं लक्ष टेबलावरच्या गठ्ठ्याकडे गेलं. आधीच्या दोन बॅचची जर्नल. याच बेंचवर, याच लोडवर केलेला प्रयोग. उघडून पाहिली. १.१२, १.१२, १.१२. एका मुलाने जरा डोकं चालवून १.१३ केलेलं. प्रत्येकाखाली लाल शाईत माझी सही. हा आकडा सिनियरच्या जर्नलमधून येतो असा माझा समज होता. मॅन्युअल काढलं. पान अकरा, नमुना तक्ता, मॅच्ड लोड: १.१२. ते मॅन्युअल मीच टाइप केलंय, सहा वर्षांपूर्वी, त्याच्याही आधीच्या मॅन्युअलवरून.

मुलीने जर्नलमध्ये १.८ लिहिलं, शेऱ्यात ‘लोडमध्ये मातीचं घर’. मी सही केली. तिला ‘सॉरी’ म्हटलं, तेही घाईत, ती बॅग उचलत असताना. काकांनी बारीक ब्रशने, मग स्पिरिटने लोड साफ केला; संध्याकाळी पुन्हा मोजला तर १.०८ आला. मॅन्युअलमधल्या नमुना तक्त्यातले सगळे आकडे मी पुसून टाकले आणि नवी प्रत ऑफिसमध्ये झेरॉक्सला दिली.

पुढच्या मंगळवारी शेवटची बॅच. साफ केलेला लोड, कोरा तक्ता. शुक्रवारी जर्नल तपासायला घेतली. चार जणांनी लिहिलं होतं १.८, आणि शेऱ्यात सुवाच्य अक्षरात, ‘लोडमध्ये मातीचं घर’.