दोन फेऱ्यांनंतरची खूण

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे क्रँक आणि कॅम हे दोन शाफ्ट जोडणारा दातेरी पट्टा, बदलण्याच्या कामात सर्वाधिक वेळ जातो तो बेल्टपर्यंत पोचण्यात, आणि सर्वाधिक लक्ष लागते ते नवा बेल्ट चढवण्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात. क्रँकशाफ्टच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य शाफ्टच्या) दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, उघडणाऱ्या शाफ्टची) एक फेरी होते, म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा दुप्पट दाते असतात. क्रँकच्या चाकाला २० दाते असतील, तर एक दाता म्हणजे क्रँकचे १८ अंश. बेल्ट एवढाच चुकीचा बसला तरी सगळे व्हॉल्व्ह तितक्या अंशांनी लवकर किंवा उशिरा उघडू लागतात. अशा वेळी इंजिन बहुधा सुरू होते, पण ते थरथरते, त्याची ओढ कमी होते आणि दोष मात्र आपण इंधनात किंवा स्पार्क प्लगमध्ये शोधत बसतो. ज्या इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात, तेथे चूक आणखी काही दात्यांची झाली, तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

जुना बेल्ट सोडवण्यापूर्वीच पहिला सिलिंडर टॉप डेड सेंटरवर, म्हणजे त्याचा पिस्टन अगदी वरच्या टोकाला, आणून सर्व खुणा जुळवून घ्याव्यात. क्रँकची खूण प्रत्येक फेरीत जुळते, कॅमची मात्र एकाआड एक फेरीत. त्यामुळे केवळ क्रँककडे पाहून समाधान मानू नये. क्रँकच्या बाहेरच्या पुलीवरची खूण पुलीबरोबरच निघून जाते, म्हणून आत दातेरी चाकावर असलेली स्वतंत्र खूण आणि तिच्यासमोरची इंजिनाच्या अंगावरची खूण शोधून, पुसून, पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका देऊन ठेवावी. खुणेकडे वरून तिरके पाहिले, तर ती अर्धा दाता सरकलेली भासते. डोळा तिच्या समोर नेता येत नसेल, तर छोटा आरसा धरावा.

माझ्याकडून पहिल्या वेळी जी चूक झाली, ती खुणा जुळवण्यात झाली नव्हती. एका कॅमशाफ्टचे चार सिलिंडरचे इंजिन होते. दोन्ही खुणा अगदी रेषेत होत्या, बेल्ट चढला, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बेल्टवर सोडला आणि काम झाले असे मी मानले. नियम म्हणून क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवले, तेव्हा क्रँकची खूण जागेवर आली आणि कॅमची खूण एक दाता मागेच थांबली. कारण साधे होते: बेल्टची जी बाजू क्रँककडे ओढली जाते, तिच्यात मी ढिलाई ठेवली होती. क्रँक फिरू लागताच आधी ती ढिलाई संपली, टेन्शनरने ती आपल्याकडे ओढून घेतली आणि मगच कॅम हलला. दोन्ही शाफ्ट स्थिर असेपर्यंत हे डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते.

म्हणून बेल्ट क्रँकपासून सुरू करावा, ओढीच्या बाजूने ताणून कॅमवर न्यावा आणि सगळी ढिलाई शेवटी टेन्शनरच्या बाजूला सोडावी. दाता खाचेत नेमका बसत नसेल, तर कॅमला पान्याने किंचित पुढे नेऊन दाता बसवावा आणि कॅम सावकाश मागे सोडावा, म्हणजे ती बाजू आपोआप ताठ होते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जोर असल्यामुळे काही स्थितींत कॅम हातातून झटकन निसटून पुढे जातो. हा झटका अनपेक्षित असतो, म्हणून पाना घट्ट धरलेला असावा. बेल्ट आधीच तुटलेला असेल, तर चार सिलिंडरच्या सरळ रांगेतील इंजिनात क्रँक टॉप डेड सेंटरपासून ९० अंश वळवावा, म्हणजे चारही पिस्टन मधोमध येतात, आणि त्यानंतरच कॅमला हात लावावा.

हाताने फिरवताना स्पार्क प्लग काढून ठेवले, तर दाबाचा अडथळा राहत नाही आणि खरा अडथळा लगेच जाणवतो. पाना कुठे कठीण अडला, तर तेथेच थांबावे. जोर करू नये, आणि स्टार्टरने तर मुळीच फिरवू नये. फिरवण्याची दिशा इंजिनाच्या नेहमीच्या दिशेचीच असावी. खूण ओलांडून पुढे गेली, तर उलटे आणण्याऐवजी आणखी दोन फेऱ्या पूर्ण कराव्यात, कारण उलट फिरवल्याने ताण टेन्शनरच्या बाजूवर येतो आणि मघाची ढिलाई पुन्हा ओढीच्या बाजूला येते.

या फेऱ्यांनंतर नव्या बेल्टवर छापलेल्या रेषा चाकांवरच्या खुणांशी जुळत नाहीत, आणि त्यामुळे अनेक जण घाबरून बेल्ट पुन्हा उतरवतात. त्या रेषा फक्त बेल्ट चढवण्यापुरत्या असतात. दोन फेऱ्यांत बेल्ट स्वतःचे पूर्ण चक्र नेमके संपवत नाही, म्हणून त्या भलतीकडे सरकलेल्या दिसतात. पाहायच्या असतात त्या चाकांवरच्या खुणा. त्या जागेवर आल्या आणि टेन्शनरचा काटा दिलेल्या मर्यादेत राहिला, की मग झाकण बसवायला हरकत नाही.