मधल्यांना कुणी विचारलं?

नेरुळ, रविवार रात्र

किम स्टॅन्ली रॉबिन्सनची 'ऑरोरा' (२०१५) ही विज्ञान कादंबरी आज संपली. त्यातलं यान निघालंय टाऊ सेटी ताऱ्याकडे, बारा प्रकाशवर्षांवर. यानाचा वेग जास्तीत जास्त प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याइतका, त्यामुळे प्रवास दीडशेहून जास्त वर्षांचा. निघाले ते कधीच गेले, आता त्यांची पतवंडं-खापरपतवंडं यान सांभाळतायत. या मधल्यांना यानात जन्माला यायचंय का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या अशा प्रवासात बंड, खून, भाऊबंदकी हे ठरलेलंच. रॉबर्ट हाइनलाइनच्या 'युनिव्हर्स' या कथेतले (१९४१) लोक तर यानालाच अख्खं विश्व समजतात आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांच्या पोथ्या करतात. गुरुत्वाकर्षणाचा नियम म्हणे प्रेमाचं रूपक! मजा आहे त्यात. पण मी अडकलो पिकांना लागणाऱ्या फॉस्फरसपाशी. माती, पीक, माणूस, मैला, पुन्हा माती असं चक्र यानात फिरायला हवं, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडा फॉस्फरस क्षारांत अडकून बसतो. नवा आणणार कुठून? जिवाणूही माणसापेक्षा भराभर बदलतात. 'ऑरोरा'तली देवी नावाची इंजिनिअर जन्मभर हीच ठिगळं लावत राहते.

आणि हे नुसतं कादंबरीतलं नाही. अ‍ॅरिझोनातल्या 'बायोस्फिअर २' या हवाबंद काचघरात १९९१ साली आठ जणांनी दोन वर्षांसाठी स्वतःला कोंडून घेतलं. ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला. मातीतल्या जिवाणूंनी तो वापरला, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड शोषला कुणी, तर भिंतींच्या काँक्रीटने. हे कुणाच्या डोक्यात तरी आलं असतं का? शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

आमच्या जिन्यातही स्लॅबचं प्लास्टर पडून गंजलेल्या सळ्या दिसतायत. आई-बाबा गिरगावातून इथे आले ते स्वतःच्या हौसेने. वॉटरप्रूफिंगची कोटेशनं गोळा करतोय मी. जेवताना आईला म्हटलं, "मला विचारलं होतंत का, नेरुळला जन्माला येतोस का म्हणून?"

"विचारलं असतं तर काय गिरगाव म्हणाला असतास? तिथे संडासाला रांग लावावी लागायची."

बाबांनी ताटातून मानही वर केली नाही. "आमटी वाढ," एवढंच.

आईचं उत्तर बिनतोड, पण मला पुरतं पटलेलं नाही. नेरुळ नकोसं झालंच तर हार्बरने तासाभरात सीएसएमटी गाठता येतं. त्या यानातही परत फिरायचं की नाही यावरून मारामाऱ्या होतात, आणि फिरलं तरी पुन्हा तेवढीच वर्षं. त्यातली बरीचशी तर कृत्रिम निद्रेत काढायची, असं आईला सांगितलं. तिने विचारलं, "कोटेशन किती आलंय?"