माईकच्या रांगेत

परवा संध्याकाळी ‘पॉलिटिक्स अँड प्रोज’मध्ये गेलो होतो. वॉशिंग्टनमधलं, कनेक्टिकट अव्हेन्यूवरचं १९८४ पासूनचं पुस्तकांचं दुकान. एका नावाजलेल्या पत्रकाराचं बंद पडलेल्या कारखान्यांवरचं नवीन पुस्तक आलं, त्यावर तो बोलणार होता. तिकीट नाही, आधी येईल त्याला खुर्ची.

दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, अध्यक्ष तर नाहीच. दुकानातल्या बाईंनी दोन मिनिटांत ओळख करून दिली, लेखक अर्धा तास बोलला आणि पुढचा सगळा वेळ लोकांचा. एक माईक उभा करून ठेवतात, ज्याला विचारायचं त्यानं रांगेत लागायचं. मीपण लागलो. माझ्यापुढे एक म्हातारे काका, हातातल्या पुस्तकात जागोजागी चिठ्ठ्या. ते सरळ म्हणाले, आमचा संप का फसला ते तुम्ही चुकीचं लिहिलंय, मी तिथंच कामाला होतो. मला वाटलं आता वाजणार. पण लेखकानं वही काढली, सगळं लिहून घेतलं, आणि म्हणाला की तुमच्याशी मी आधीच बोलायला पाहिजे होतं. एवढ्या लोकांसमोर! दोन दिवस झाले, माझ्या डोक्यातून जाऊनच नाही राहिलं.

बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी नागपुरात किती प्रकाशन समारंभ ऐकले असतील. पाहुणे, भाष्यकार, अध्यक्ष सगळे बोलून झाले की लेखकाला दहा मिनिटं, वाचकाला माईक मिळालेला मला एकदाही आठवत नाही. आणि ज्या गावात १९२३ पासूनचा विदर्भ साहित्य संघ आहे तिथं वाचक कमी आहेत का? दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला या कोणीही, खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया संविधान आणि बाबासाहेबांची भाषणं पिशवीत भरून नेतात. असं दृश्य मी वॉशिंग्टनमध्ये पाहिलेलं नाही. इथं एक हार्डकव्हर तीस डॉलरच्या आसपास पडतं, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या वरच, ते सगळ्यांना थोडंच जमते.

काकांनंतर माझाच नंबर होता, पण मी बाजूला झालो. घाबरलो म्हणून नाही, त्यांच्यानंतर लगेच दुसऱ्या कारखान्याचा विषय काढणं मला बरं नाही वाटलं.

संपल्यावर आपापली खुर्ची घडी करून कपाटाला टेकवून ठेवायची असते. काकांच्या हातात काठी होती, त्यांची मी ठेवली. ते म्हणाले, तुला काय विचारायचं होतं? मग तिथंच उभ्या उभ्या सांगितलं, आमच्या गावची एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली, आजोबा तिथं साच्यावर होते, आता त्या जागी मॉल आहे. बंद मिलच्या घरांत नंतर काय झालं ते लेखकानं कोणाला विचारलं का, एवढाच प्रश्न होता.

काकांनी खिशातून एक कोरी चिठ्ठी काढली आणि ‘एम्प्रेस’च्या पुढे नागपूर कसं लिहायचं ते मला विचारलं.