कागद मोजले, इंच मोजले नाहीत

बुधवारी दुपारी चारच्या सुमारास माउंटिंगच्या टेबलावर एक प्रिंट हातोहात फिरत होती. मंडईच्या मनोऱ्याचा फोटो, वरचा अर्धा कागद म्हणजे कोरं पांढरं आकाश. त्या आकाशाच्या उजव्या कोपऱ्यात बोटभर रुंदीचा, गुलाबीकडे झुकणारा तपकिरी पट्टा उमटला होता. "सर, चहा सांडला असेल कुणाचा तरी," असं ती विद्यार्थिनी म्हणाली. पण चहाच्या डागाची कड गडद आणि वेडीवाकडी असते. या पट्ट्याची एक कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. फिक्सरच्या, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणाच्या, ट्रेमध्ये या कागदावर दुसरा कागद पडून राहिला होता, आणि झाकल्या गेलेल्या भागात फिक्सर पोचलाच नव्हता.

प्रदर्शन शुक्रवारी, १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाच्या मुहूर्तावर होतं. ११×१४ इंची ३० प्रिंट्स होत्या, सगळ्या फायबर पेपरवर (प्लॅस्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद), विद्यार्थ्यांनी स्वतः डार्करूममध्ये काढलेल्या. डाग एकाच प्रिंटवर असता तर ती एक बाजूला काढली असती. एकमेकांना चिकटलेले दोन कागद हा नुसता हलगर्जीपणा झाला. पण ट्रेमधल्या फिक्सरची ताकदच संपली असेल, तर दुखणं सगळ्या गठ्ठ्याला असतं आणि बहुतेक वेळा ते दिसत नाही. अपुरं फिक्सिंग झालेली प्रिंट ट्यूबलाइटखाली पहिले काही दिवस अगदी ठणठणीत दिसते.

सेफलाइटजवळच्या (डार्करूममधल्या मंद दिव्याजवळच्या) भिंतीवर आम्ही एक कागद डकवलेला आहे: 'रॅपिड फिक्सर १+४, एका लिटरमध्ये ४० प्रिंट्स.' १+४ म्हणजे एक भाग अर्क, चार भाग पाणी. ट्रेमध्ये दोन लिटर, म्हणजे ८०. मुलांनी प्रत्येक प्रिंटमागे पेन्सिलीनं एक रेघ मारली होती. बाद झालेल्या प्रिंट्स धरून रेघा ५२ भरल्या. त्यांच्या हिशेबानं अजून २८ प्रिंट्स शिल्लक होत्या, म्हणून फिक्सर बदलला नाही. रेघा प्रामाणिक होत्या, हिशेब चुकला होता. ते ४० प्रिंट्स ८×१० इंची असतात. ८×१० म्हणजे ८० चौरस इंच, ११×१४ म्हणजे १५४. एक मोठी प्रिंट जवळजवळ दोन छोट्यांचा फिक्सर खाते. ५२ रेघा म्हणजे प्रत्यक्षात १०० प्रिंट्स, आणि टेस्ट स्ट्रिप्स, म्हणजे उजेडाचा अंदाज घ्यायला काढलेले कागदाचे तुकडे, तर कुणी धरलेच नव्हते. शिवाय ४० हा आकडा रोजच्या सरावापुरता. वर्षानुवर्षं टिकायला हव्यात अशा फायबर प्रिंट्ससाठी एकाच ट्रेचं फिक्सिंग असेल तर लिटरला १० धरायच्या. त्या मापानं दोन लिटरचा ट्रे पहिल्या दहा मोठ्या प्रिंट्सनंतरच ओतून द्यायला हवा होता. आकड्यापुढे 'आठ बाय दहा' लिहायचं आमच्याकडूनच राहिलं होतं, त्यामुळे मुलांना बोलायला आम्हाला तोंड नव्हतं.

यात रसायन काय घडतं ते थोडक्यात सांगतो. फिक्सरमधला थायोसल्फेट न वापरल्या गेलेल्या चांदीच्या क्षारांशी जोडी जमवतो. थायोसल्फेट भरपूर असेल तर ही जोडी पाण्यात सहज विरघळते आणि धुताना निघून जाते. फिक्सर चांदीनं भरत आला की नीट न विरघळणारी संयुगं तयार होतात आणि कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. मग तासभर वाहत्या पाण्याखाली धरा, ती हलत नाहीत. पुढे त्यांचंच सिल्व्हर सल्फाइड होतं, पिवळं-तपकिरी, आणि ते कशानंही जात नाही. १८३९ मध्ये १९ ऑगस्टलाच पॅरिसमध्ये लुई दागेरची छायाचित्रं काढायची पद्धत जगापुढे जाहीर झाली. छायाचित्रण दिन त्याचाच. पण हायपो, म्हणजे हाच सोडियम थायोसल्फेट, चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८१९ मध्येच दाखवलं होतं. 

तपासणी सोपी आहे आणि स्वस्तही. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम सोडियम सल्फाइड, मग त्यातला एक भाग नऊ भाग पाण्यात. प्रिंटची पांढरी कड ओली करून टिपायची, तिच्यावर एक थेंब टाकायचा, दोन-तीन मिनिटं थांबून टिपकागदानं उचलायचा. कड पांढरी किंवा जेमतेम सायीच्या रंगाची राहिली तर ठीक, पिवळी झाली तर चांदी शिल्लक आहे. हे काम आम्ही व्हरांड्यात केलं. सल्फाइडच्या वाफेनं कोरा फोटोपेपर काळवंडतो, आणि ते स्टॉप बाथच्या (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणाच्या) आम्लाला लागलं तर सडक्या अंड्याचा विषारी वायू सुटतो.

प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर मुलांनी पेन्सिलीनं क्रम लिहिला होता. या एका सवयीनं फार काम वाचवलं. क्रमानं मांडून थेंब टाकत गेलो. पहिल्या नऊ स्वच्छ. दहावीची कड किंचित पिवळसर, विसाव्याच्या पुढे उघड पिवळी, आणि शेवटच्या काहींवर थेंब मोहरीच्या रंगाचा. ट्रेमधला फिक्सर कसा थकत गेला, त्याचा आलेखच टेबलावर मांडल्यासारखा दिसत होता. २१ प्रिंट्स नापास. त्यांतल्या चारांवर डाग आधीच उमटले होते. त्या पुन्हा फिक्स करून उपयोग नव्हता, कारण नवा फिक्सर उरलेली चांदी काढतो, उमटलेला डाग नाही. उरलेल्या १७ वाचण्यासारख्या होत्या.

पंचाईत पाण्याची. दुसरा दिवस गुरुवार, दुरुस्तीसाठी पाणी बंद. प्रयोगशाळेतल्या मामांनी संध्याकाळीच २०० लिटरची दोन पिंपं भरून ठेवली आणि वर झाकणं घातली. फायबर पेपर म्हटला की तास-दीड तास नळ सोडून ठेवायचा, ही समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. खरं तर रसायन कागदातून बाहेर येतं ते पाण्याच्या जोरानं नाही, पाझरून येतं. ट्रे भरायचा, कागद खालीवर करायचे, पाच मिनिटं थांबायचं, पाणी ओतून टाकून पुन्हा भरायचं. एका ट्रेमध्ये सहा लिटर पाणी आणि सहा प्रिंट्स, आठ वेळा पाणी बदललं तर ४८ लिटर. तीन खेपांचे १४४ लिटर. म्हणजे एक पिंपही पुरून उरतं.

गुरुवारी सकाळी सातला सुरुवात. आधी कोरड्या प्रिंट्स दहा मिनिटं साध्या पाण्यात, कारण कागदावरच्या थरातलं कोरडं जिलेटिन द्रव एकसारखं पीत नाही आणि नवे पट्टे उठतात. मग दोन ट्रे, दोन्हींत ताजा फिक्सर, प्रत्येकी ४०० मिली अर्क आणि १६०० मिली पाणी. पहिल्यात एक मिनिट, पंधरा सेकंद निथळायला, दुसऱ्यात एक मिनिट. पहिला ट्रे बहुतेक चांदी काढतो, त्यामुळे दुसरा ताजाच राहतो. एका वेळी एकच प्रिंट, चिमट्यानं सतत हलती. "दोन-दोन घालू का सर, लवकर होईल," असं एकानं विचारलं आणि लगेच स्वतःच जीभ चावली. त्यानंतर पाच मिनिटं धुऊन लिटरला २० ग्रॅम सोडियम सल्फाइट घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं. यानं हायपो कागदातून लवकर सुटतो. मग ते आठ पाण्यांचं धुणं. वाळल्यावर कडेला दुसरा थेंब टाकायचा ठरला होता. सतराच्या सतरा पास झाल्या. थेंबाची खूण माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकली जाते. वापरलेला फिक्सर मोरीत नाही ओतला. चांदी काढून घेणाऱ्यांसाठी वेगळा कॅन ठेवलेला असतो.

डागाळलेल्या चारांपैकी तीन बुधवारी रात्रीच नव्यानं काढल्या होत्या. त्या तिघांनी निगेटिव्हच्या पाकिटात कार्ड ठेवलं होतं: एन्लार्जरची (निगेटिव्ह कागदावर मोठी पाडणाऱ्या यंत्राची) उंची, भिंगाचं छिद्र एफ ८, १८ सेकंद, तीन नंबरचा फिल्टर, वरच्या डाव्या कोपऱ्याला जादा ९ सेकंद. अशा कार्डावरून दुसऱ्या-तिसऱ्या कागदात प्रिंट जमते. फक्त एक मोह आवरावा लागतो. फायबर पेपर ओला असताना उजळ दिसतो आणि वाळला की एक छटा गडद होतो. ट्रेमधली प्रिंट बघून दोन सेकंद वाढवले तर सकाळी सावल्या बुजलेल्या मिळतात. चौथ्या विद्यार्थिनीचं सगळं "डोक्यात आहे" होतं. तीन जागी हातानं उजेड अडवून काढलेली प्रिंट होती ती. अकरा वाजेपर्यंत सहा कागद गेले, तरी पहिल्यासारखी साधेना. थांबवलं.

ऑगस्टच्या दमट हवेत वाळवणं हे वेगळंच प्रकरण. पाणी रबरी पट्टीनं निपटून, चित्राची बाजू खाली करून नायलॉनच्या जाळीवर, पंखा खोलीत फिरता पण प्रिंट्सवर थेट नाही. तरी रात्रीपर्यंत कडा वळल्याच. माउंटबोर्डच्या दोन कोरड्या तुकड्यांत घालून, वाफ बंद ठेवलेली इस्त्री रेशमाच्या अंशावर फिरवली आणि लगेच काचेच्या वजनाखाली थंड होऊ दिल्या. गरम प्रिंट मोकळी सोडली तर ती पुन्हा वळते.

माउंट १६×२० चे, खिडकी साडेदहा बाय साडेतेरा, खालची पट्टी वरच्यापेक्षा अर्ध्या इंचानं रुंद. दोघांनी मागून दुहेरी टेप लावायला घेतली होती, ती काढायला लावली. पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या आणि कणकेची खळ, तीही फक्त वरच्या कडेला, म्हणजे हवेप्रमाणे कागदाला फुगायला-आटायला जागा राहते. काच आणि प्रिंट यांच्यात माउंटची जाडी हवीच. पावसाळ्यात जिलेटिन काचेला चिकटलं की सोडवताना चित्राचं कातडं निघतं.

कलादालनातली लांब भिंत २४ फूट, तिच्यावर आठ फ्रेमा ठरल्या होत्या. भिंतीचे २८८ इंच, फ्रेमांचे १२८, उरलेले १६० नऊ जागांत वाटले की पावणेअठरा इंचांचं अंतर. गुरुवारी दुपारी दोन विद्यार्थी जाऊन तसे आठ खिळ्यांच्या खुणा करून आले होते. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. फ्रेम २० इंच उंच, तिचा निम्मा भाग १०, आणि तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ३ इंच खाली येते. म्हणून खिळा ५८ अधिक १० उणे ३, म्हणजे ६५ इंचांवर. नेमकी चौथी प्रिंट याच भिंतीवरची होती. फ्रेमा सातच राहिल्या की अंतर २२ इंच होतं, आणि जुनी एकही खूण कामाची राहत नाही. शुक्रवारी सकाळी साडेआठला जिची प्रिंट गेली तीच मुलगी स्टुलावर चढून खोडरबरानं आठही खुणा पुसत होती. खाली उभा असलेला तिचा मित्र टेप धरून नवे आकडे ओरडून सांगत होता: "तीसवर मार, मग अडतीस सोडून पुढची अडुसष्टवर!"