तौराझी समजून घेताना

इटलीत नेपल्समध्ये कामानिमित्त राहायला लागल्यापासून तौराझी या तांबड्या वाइनबद्दल ऐकत होतो. वीस-वीस वर्षं ठेवली तरी टिकते, कोवळी असताना मात्र पिववत नाही, असं जो तो सांगायचा. असं का होतं, हे मला समजून घ्यायचं होतं. मी निफाड तालुक्यातला, द्राक्षबागेत वाढलेला. त्यामुळे बाटलीआधी वेल बघायची, हे ओघानंच आलं.

तौराझी गाव नेपल्सच्या पूर्वेला, आवेल्लिनो जिल्ह्यातल्या डोंगराळ इर्पिनिया भागात आहे. मी गेलो तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. आपल्याकडे त्या दिवसांत गोडी छाटणी चालू असते आणि नव्या हंगामाची धावपळ असते. तिथे मात्र गेल्या वसंतात फुटलेल्या काड्यांवर घड अजून लटकत होते. आल्यानिको ही तिथली द्राक्षाची जात इतकी उशिरा पिकते की तोडणी ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होते आणि नोव्हेंबरात जाते. बागा साधारण 400 ते 700 मीटर उंचीवर आहेत. दिवसा ऊन, रात्री चांगलाच गारवा. मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे ते पिकायला लागल्यावर, पुढे कितीतरी आठवडे साखर हळूहळू चढत राहते, आणि थंड रात्रींमुळे आंबटपणा टिकून राहतो. जमिनीत चिकणमाती आणि चुनखडी आहे, आणि त्यावर व्हेसुव्हियसच्या जुन्या उद्रेकांची राख.

बागेतल्या वयस्क तळघरप्रमुखांनी मला वाइन दिलीच नाही. एक घड तोडला आणि म्हणाले, "रस गिळून टाक, साल चावत राहा." रस गोड होता, त्यामागे झणझणीत आंबट. आणि साल चावता चावता हिरड्या ओल्या सुपारीनं आवळाव्यात तशा आवळल्या. माझ्यासाठी तौराझीचा पहिला धडा तोच. टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, ही तशी चव नाहीच, तो स्पर्श आहे. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. त्यानंतर मी प्रत्येक ग्लासात फळांचे वास शोधण्याआधी दोनच गोष्टी बघायला लागलो: तुरटपणा नेमका कुठे बसतो, आणि घोट गिळल्यावर तोंडाला किती पाणी सुटतं.

मग तळघर. नियम असा आहे की तौराझीत किमान 85 टक्के आल्यानिको हवी, वाइन किमान तीन वर्षं मुरायला हवी आणि त्यातलं किमान एक वर्ष लाकडी पिंपात. 'रिझेर्वा' म्हणून विकायची असेल तर चार वर्षं, त्यातले अठरा महिने लाकडात. 1993 साली तिला डीओसीजी, म्हणजे इटलीतला वाइनचा सर्वांत वरचा दर्जा मिळाला. मला तर ही तीन वर्षंसुद्धा कमीच वाटतात.

वेगवेगळ्या वयाच्या वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखल्या तेव्हा खरा उलगडा झाला. 2019ची गडद, जवळजवळ जांभळी. वासाला काळी चेरी, मिरी, थोडा धूर. तुरटपणा थेट वरच्या हिरड्यांवर. 2012च्या ग्लासाच्या कडेला विटकरी छटा आली होती. तुरटपणा हिरड्या सोडून जिभेवर पसरला होता, आणि फळाच्या जागी सुकी चेरी आणि तंबाखूची पानं. 2004ची बाटली आदल्या दिवसापासून उभी करून ठेवली होती, गाळ तळाशी बसावा म्हणून. बूच ठिसूळ झालेलं, तळघरप्रमुखांनी ते फार हळू काढलं. वाइन एका धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतली आणि गाळ मानेशी येताच हात थांबवला.

त्या 2004मध्ये चामडं होतं, डांबर होतं, पावसानंतरच्या मातीसारखं काहीतरी होतं. आणि या सगळ्याखाली आंबटपणा अगदी ताजा! हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. टॅनिनचे कण वर्षानुवर्षं एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जुळत जातात, काही जड होऊन गाळात बसतात, म्हणून वाइन मऊ होते आणि रंग फिका पडतो. पण आम्ल जवळपास तसंच राहतं, आणि खराब होण्यापासून तेच तिला वाचवतं. नुसतं टॅनिन भरपूर आणि आंबटपणा कमी असलेली वाइन मऊ होईपर्यंत मरगळलेली असते. तौराझी मरगळत नाही.

आल्यानिको ही जात आज शिल्लक आहे, याचं मोठं श्रेय तिथले वाइन बनवणारे आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो यांना द्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर भरघोस पिकणाऱ्या जाती लावण्याची लाट आली असताना या माणसानं आल्यानिको, फियानो, ग्रेको या स्थानिक जाती धरून ठेवल्या. त्यांच्या घराण्याची 1968ची तौराझी आजही इटलीच्या थोर वाइनमध्ये गणली जाते. ती चाखायचा योग मला आलेला नाही, पण दक्षिणेची वाइन म्हणजे स्वस्त, भरताड माल, हा समज मोडायला तिचाच हात लागला.

घरी आणलेल्या कोवळ्या बाटल्यांवर मी एक प्रयोग करतो. संध्याकाळी उघडून एक ग्लास, मग दर तासाला थोडी, उरलेली बूच लावून दुसऱ्या दिवशी. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीच ती जास्त मोकळी लागते. ज्या बाटलीत दुसऱ्या दिवशीही आंबटपणा आणि फळ दोन्ही उभी असतात, तिच्या जोडीच्या बाटल्या मी ठेवून देतो. 2014 तिथे पावसाचं वर्ष, 2017 उन्हाचं आणि दुष्काळाचं. 2017 आत्ताच गोडसर, भरलेली लागते आणि लोकांना आवडतेही. ठेवायला मात्र मी थंड वर्षांच्या बाटल्या निवडतो.

पुढे बासिलिकाता प्रांतात व्हुल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावरची आल्यानिकोही चाखली. बारिले गावात टफ या मऊ खडकात कोरलेल्या गुहाच तळघरं म्हणून वापरतात. मला तिथली वाइन जरा लवकर खुलणारी वाटली, फळ पुढे, धूर जास्त. तरी निवड करायची वेळ आली तर मी तौराझीच उचलेन.

जेवणाबद्दल एक सांगतो, कारण आपल्याकडचे लोक विचारतात. कोकराचं भाजलेलं मांस किंवा मुरलेलं काचोकावाल्लो चीज असेल तर तुरटपणा निम्म्यावर येतो, कारण टॅनिनला धरायला लाळेऐवजी तिथली प्रथिनं आणि चरबी मिळते. आपला झणझणीत मटणाचा रस्सा मात्र तिच्यासोबत नको. तिखटामुळे टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात. मिरची हात राखून घातलेलं, काळी मिरी आणि सुक्या खोबऱ्यावर परतलेलं सुकं मटण करा, आणि बाटली किमान दहा वर्षांची, 16 ते 18 अंशांवर, जेवणाआधी दोन तास उघडलेली असू द्या.