गोव्यात भाड्याचं घर आणि गाडीची जागा

कुडाळहून पणजीला बदली झाली तेव्हा घर मिळेल की नाही, याची मला काळजी नव्हती. प्रश्न होता अर्टिगा लावायची कुठे? आईचे दोन्ही गुडघे गेलेले. गाडीचं दार पूर्ण उघडल्याशिवाय तिला उतरता येत नाही, आणि उतरल्यावर जिना नको, चढ नको.

मळा, भाटले, फोंताईन्याश हे भाग पाहून लगेच सोडून दिले. घरं देखणी आहेत, पण गल्ल्या स्कूटरच्या मापाच्या. शनिवार-रविवारी कॅसिनोला येणाऱ्यांच्या गाड्या मांडवीकाठी शिरल्या की पणजीकरांनाच जागा मिळत नाही. पर्वरीत फ्लॅट भरपूर, पण तेव्हा तिथे उड्डाणपुलाचं काम चालू होतं. रोज त्या कोंडीतून ये-जा नको वाटली. राहिलं ताळगाव, सांताक्रूझ आणि मेरशी.

प्रत्येक ब्रोकर सांगायचा, "पार्किंग आसा, चिंता करूं नाका." आसा म्हणजे काय, ते जाऊन पाहावं लागे. एका ठिकाणी जागा म्हणजे माडाखालचा उताराचा तुकडा. आमच्याकडेही माड आहेत, त्यामुळे नारळ पडल्यावर टपाचं काय होतं ते मला कुणी समजवायला नको. शिवाय पावसात तिथे शेवाळ धरणार, मग आईला उतरवायचं कसं? दुसरीकडे स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखाली खांबांवर मोकळ्या सोडलेल्या तळातली, जागा मिळत होती, पण दोन खांबांमध्ये. अर्टिगाची रुंदी १७३५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन मीटरच्या जरा आत. गाडी आरामात बसली, दार मात्र खांबाला टेकलं. तेव्हापासून मी मोजपट्टी खिशात ठेवू लागलो आणि गाडी नुसती बसते का हे न बघता मागचं डावं दार सताड उघडून बघू लागलो. ब्रोकर हसायचे. हसू देत.

ताळगावातला एक फ्लॅट जवळजवळ ठरलाच होता. दुपारी पाहिला तेव्हा स्टिल्ट रिकामी. रात्री नऊनंतर सहज चक्कर मारली तर 'आमच्या' जागेवर दुसऱ्याचीच गाडी. वॉचमन म्हणाला, ती जागा वरच्या मजल्यावरच्यांची, रोज इथेच लावतात. मालक राहायला मुंबईत. फोनवर म्हणाला, "बिल्डरकडून पैसे मोजून घेतलीय." सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं आहे की स्टिल्टमधली किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी विकता येत नाही. हे मालकाला ऐकवून भाडेकरूच्या पदरात काय पडणार? पण 'बिल्डरकडून घेतलीय' एवढं पुरत नाही, म्हणून पुढे कुणाला विचारायचं ते त्यावरून कळलं. मालकाला नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला.

मेरशीत तेच केलं. तिथल्या सेक्रेटरीकाकांनी वही काढून त्यात फ्लॅटच्या नोंदीपुढे लिहिलेला पार्किंगचा नंबर दाखवला आणि स्वतः खाली येऊन जागा दाखवली. भिंतीलगतची, एका बाजूने मोकळी, लिफ्ट समोरच. भाडं ताळगावपेक्षा थोडं जास्त होतं, पण मी घासाघीस केली नाही. करार नेहमीसारखा अकरा महिन्यांचा. त्याच्या मसुद्यात नुसतं 'पार्किंगसह' लिहिलं होतं. मी तिथे नंबर घालायला लावला आणि ती जागा दुसऱ्या कुणाला वापरायला देणार नाही, अशी ओळही. मालकीणबाई जरा कुरकुरल्या, मग म्हणाल्या, "घाला बाबा."

भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस स्टेशनात दिला, आधारच्या प्रती जोडून. स्कूटर गाडीच्या पुढ्यात आडवी लावायला काकांची हरकत नाही. राहिली एमएच-०७ पाटी. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी हवी, म्हणून गणपतीला गावी जाईन तेव्हा तो अर्ज देऊन येणार आहे.